पंख्याच्या दांड्या

गॅलरीतून नलिनी मला हात करत होती आणि मी तिला ओळख दाखवत नव्हतो.

कशी दाखवणार? अंगात लाल काठाचा काळा झगा, पुढ्यात माइक, उजव्या हाताला कुलगुरूंपासून दिल्लीहून आलेल्या शास्त्रज्ञ पाहुण्यांपर्यंत सगळी बडी मंडळी ओळीनं बसलेली. अशा वेळी सूत्रसंचालकानं बायकोला हात करणं शोभत नाही, असं माझं मत होतं. मराठी शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि दीक्षान्त समारंभात नावं पुकारणं हा माझा अभिमान. नलिनीला या अभिमानाचं कौतुक कधीच नव्हतं. "तुमचा आवाज घरी ऐकते तेवढा पुरे," असं म्हणून ती दरवर्षी समारंभ टाळायची.

त्या वर्षी मात्र ती सकाळपासून पैठणी नेसून तयार होती. आमची गार्गी भौतिकशास्त्र घेऊन अख्ख्या विद्यापीठात पहिली आली होती. सगळ्यांत शेवटी दिलं जाणारं, सगळ्यांत मानाचं पदक तिचं होतं आणि ते नाव माझ्या तोंडून जाहीर व्हायचं होतं. मी नलिनीसाठी गॅलरीतल्या पहिल्या रांगेतली अगदी मधली खुर्ची मागून घेतली होती. तिथून आता व्यासपीठ कसं लख्ख दिसायचं.

आता, असं म्हणतो, कारण पूर्वी ते दिसत नसे. आमचं दीक्षान्त सभागृह इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी छत, आणि मागच्या बाजूला लाकडी गॅलरी. छतापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत लोखंडी दांड्या आलेल्या होत्या आणि त्यांना आडव्या पट्ट्या मारून पंखे लावलेले होते. त्या दांड्यांच्या मधून मान वाकडी करकरून बघण्यात आमच्या पिढ्या गेल्या. गॅलरीत बसलेल्या माणसाला कधी कुलगुरूंचा डावा कान दिसायचा, कधी उजवा.

मग सभागृहाचं काम निघालं आणि ते बराच काळ बंद राहिलं. आधी जीर्णोद्धार झाला. तो मृणाल खोब्रागडे नावाच्या पुण्याच्या वास्तुरचनाकार बाईंनी केला. त्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून मळायला लावायच्या, तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी चहा पिता पिता म्हणायचो, "बाई भिंतींना पुरणपोळी खाऊ घालून राहिल्या." पण भिंती झाल्या मात्र देखण्या. बाई काम संपवून परत गेल्या आणि मग विद्यापीठाच्या बांधकाम विभागानं आधुनिकीकरण हाती घेतलं. एसी आला, पडदे आले, कॅमेरे आले, गॅलरीच्या दोन जिन्यांपैकी एक लिफ्टसाठी बंद झाला. गॅलरीच्या पुढच्या अंगाला पीओपीची पांढरीशुभ्र पट्टी लागली आणि तिच्या मध्यावर विद्यापीठाचं पितळी बोधचिन्ह. पंखे गेले, पंख्यांबरोबर दांड्याही गेल्या. गॅलरीतून व्यासपीठ पहिल्यांदा सलग दिसलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी बांधकाम विभागाचे उपअभियंता ताथोड यांचं मनापासून अभिनंदन केलं. मी तर जरा जास्तच केलं.

तर समारंभ रंगात आला होता. पदव्या देऊन झाल्या होत्या, सुवर्णपदकं सुरू होती. आमच्याकडे एक रीत आहे. पदक मिळालं की खालची माणसं टाळ्या वाजवतात आणि गॅलरी, म्हणजे वर बसलेले आई-बाप, भावंडं, मित्रमंडळी, पाय आपटते. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर दोनशे माणसांचे पाय पडले की आख्खं सभागृह घुमतं. कुलगुरू येतात नि जातात, पाय आपटणं कुणाला बंद करता आलेलं नाही. गॅलरीनं पाय आपटले नाहीत तर पदक मिळाल्यासारखं पोरांना वाटतच नाही.

मी वनस्पतिशास्त्राचं पदक पुकारलं. गॅलरीनं पाय आपटले. नलिनीही आपटत असावी, कारण तिचे खांदे हलताना मला दिसले. गॅलरीखाली बसलेल्या एका स्नातकाच्या काळ्या झग्यावर पांढरी भुकटी पडली. त्यानं ती झटकली, वर बघितलं आणि शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसला. नवीन काम आहे, थोडी धूळ पडणारच, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाजूच्या दारानं मृणालबाई आत आल्या. त्यांचा सत्कार व्हायचा होता, पण गाडी उशिरा पोचली असावी. बाजूच्या खुर्चीवर बसता बसता त्यांनी छताकडे पाहिलं. आपण वाढवलेल्या झाडाकडे माणूस बघतो तसं, कौतुकानं. मग त्यांची नजर छतावरून गॅलरीकडे गेली आणि त्या बसल्याच नाहीत. अर्धवट वाकलेल्या तशाच उभ्या राहिल्या आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या.

"निंभोरकर सर, माइक बंद करा."

"अहो मॅडम, पदकं चालू आहेत."

"आधी बंद करा."

मी बटण दाबलं.

"त्या दांड्या कुठे गेल्या?"

"कुठल्या? पंख्याच्या? काढल्या की. एसी आला ना."

त्यांनी माझ्यापुढच्या टेबलाला हात टेकला. "सर, पंखे त्यांना कुणीतरी नंतर लावले. त्या दांड्या पंख्यांच्या नव्हत्याच. गॅलरीचा पुढचा भाग त्यांच्यावर टांगलेला होता. बघा, खाली खांब आहेत का?"

मी बघितलं. विद्यार्थी होतो तेव्हापासून मी त्या गॅलरीकडे बघत आलो होतो. खांब होते, पण ते पार मागे, भिंतीजवळच्या रांगांखाली. पुढच्या रांगा, कठडा, नलिनी, हे सगळं नुसतंच पुढे आलेलं होतं. त्याच्या खाली हवा होती आणि हवेखाली खुर्च्यांत बसलेली पोरं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मग ती अजून पडली कशी नाही?"

"मागच्या तुळयांच्या जोरावर उभी आहे. रिकामी असती तर बरीच वर्षं राहिली असती." त्यांनी गॅलरीतल्या गर्दीकडे पाहिलं. "आणि हे पाय आपटणं थांबवा, काहीही करून."

आमची कुजबुज ऐकून कुलसचिव गावंडे खुर्ची सरकवून आमच्याकडे आले. माणूस वाईट नव्हता, पण पाहुण्यांच्या धाकानं आठवडाभर त्यांना झोप नव्हती. "काय चाललंय निंभोरकर? माइक काऊन बंद केला?"

मृणालबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. गावंड्यांनी पडद्यामागे उभ्या असलेल्या ताथोडांना खूण करून बोलावलं.

"मॅडम, पंख्याच्या दांड्या होत्या त्या," ताथोड म्हणाले. "जेव्हापासून नोकरीत आहो तेव्हापासून पाहून राहिलो. पंखेच नाही राहिले तं दांड्या काय पूजाले ठेवाच्या?"

"नकाशात मी 'हात लावू नये' असं लिहिलं होतं."

"मंग पंख्याले हात लावू नये, असं वाटलं आम्हाले. पण एसीवाले म्हणे, पंखे काढाच लागतील."

ते हुज्जत घालत नव्हते. ते खरंच समजावून सांगत होते. आणि सांगता सांगता त्यांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज मध्येच बसला. ते खांबांकडे बघत होते, आणि मग खांब नव्हते तिथे.

"रिकामी करा गॅलरी," मृणालबाई गावंड्यांना म्हणाल्या. "पण ओरडून नाही. जिना एकच उघडा आहे. घाबरून सगळे एकदम उठले, पुढे झाले, तर तिथल्या तिथे संपलं."

"अहो, पण पाहुण्यांचं भाषण बाकी आहे! दिल्लीहून आले ते. भाषण झालं की लोक आपोआप उतरतात. थोडी कळ काढा नं." गावंड्यांच्या कपाळावर घाम आला होता, एसी असून. "निंभोरकर, तुम्ही वाचा. कुलगुरू पाहून राहिले."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. माझीही तीच. मृणालबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी वर जाते. मागच्या रांगेतल्यांना एकेक करून उतरवते. तुम्ही इथून लोकांना गार ठेवा." आणि ज्या गॅलरीतून माणसं उतरवायची त्याच गॅलरीकडे त्या निघाल्या. मी त्यांना थांबवलं नाही. मला वाटतं, मला ते सुचलंही नाही.

मी माइक चालू केला.

आयुष्यभर मी माझ्या आवाजानं माणसं उचलायचा प्रयत्न केला. त्या दिवशी मला त्यांना झोपवायचं होतं. मी पुढचं पदक पुकारण्याआधी ज्यांच्या स्मरणार्थ ते ठेवलं होतं त्या गृहस्थांचं चरित्र सांगायला लागलो. त्यांचा जन्म, शिक्षण, सहकारी कापूस-जिनिंगमधली कामगिरी. जितकं माहीत होतं तितकं सांगितलं आणि माहीत नव्हतं तेही सांगितलं. आवाज सपाट ठेवला. पाहुणे घड्याळ बघायला लागले. पोरं जांभया द्यायला लागली. गॅलरीच्या मागच्या दारातून दोन-चार माणसं बाहेर जाताना दिसली आणि मला धीर आला.

मग पदकाचं नाव घ्यावंच लागलं. एक मुलगी व्यासपीठावर आली, पदक घेतलं, आणि कंटाळलेली गॅलरी जागी झाल्यासारखी दणदणली.

पांढऱ्या पट्टीवर एक रेघ उमटली. बोधचिन्हाच्या डावीकडे, वरपासून खालपर्यंत. सभागृहात ती दिसत असेल तर फक्त आम्हा व्यासपीठावरच्यांना, कारण बाकी सगळ्यांची पाठ तिकडे होती. आणि व्यासपीठावरचे पाहुण्यांकडे बघत होते. ती रेघ मी एकटाच बघत होतो आणि तिच्या बरोब्बर वर नलिनी बसली होती.

इथे मी घोडचूक केली. माणूस घाबरला की जे पहिलं सुचतं ते करतो. मी म्हणालो, "गॅलरीतील मित्रांना नम्र विनंती आहे की, त्यांनी कृपया पाय आपटू नयेत."

आमच्या गॅलरीला पाय आपटू नका म्हणणं म्हणजे माकडाला दारू पाजणं. मग वरून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळे मिळून जे काही आपटायला लागले, तसं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खाली पोरं हसायला लागली. पाहुणेही हसले, तरुणाईचा जल्लोष म्हणून. रेघेला फाटे फुटले. पितळी बोधचिन्ह एका बाजूला कललं. खालच्या पोरांच्या टोप्यांवर भुकटी पडत होती आणि पोरं ती एकमेकांवर उडवत होती. मी टेबलाच्या कडा धरून उभा होतो.

नलिनीही आपटत होती. तिला वाटत होतं, हे सगळं गार्गीसाठी चाललंय.

आवाज थांबला. गॅलरी उभी होती. माझ्या हातात आता एकच नाव उरलं होतं.

गार्गी पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबली होती. झगा तिला मोठा झाला होता, बाह्या तिनं आत दुमडल्या होत्या. ती माझ्याकडे बघून हसली, घरी हसते तशी. मला तिचं नाव घ्यायचं होतं. महिनाभर मी ते अंघोळीला गेलो की मोठ्यानं म्हणून बघत होतो, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. पण शेवटच्या पदकाची रीत निराळी आहे. त्याला सगळी गॅलरी उभी राहते आणि एका तालात पाय आपटते, पदक गळ्यात पडेपर्यंत. मी वर बघितलं. माणसं आत्ताच उठायला लागली होती, बाह्या सरसावत होती. नलिनी कठड्यावर वाकली होती.

माझ्या पोरीचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि ते उच्चारलं तर तिची आई खाली येणार होती.

मी गार्गीवरून नजर काढली आणि म्हणालो, "राष्ट्रगीत. सर्वांनी कृपया सावकाश उभं राहावं."

कोपऱ्यात पोलीस बँड होता. बँडमास्तर चक्रावून माझ्याकडे बघायला लागला, कारण राष्ट्रगीत म्हणजे समारंभ संपला. पाहुण्यांचं भाषण व्हायचं होतं, मृणालबाईंचा सत्कार व्हायचा होता. मी त्याच्याकडे बघून हात वर केला आणि खाली आणला. तो सरकारी माणूस. त्यानं बँड सुरू केला.

सभागृह उभं राहिलं. खुर्च्यांचा आवाज झाला, वर कुठेतरी लाकूड करकरलं, आणि मग सगळं स्तब्ध. गॅलरीतला शिट्टी मारणारा पोरगासुद्धा हात मांडीला चिकटवून ताठ उभा होता. त्या सगळ्या सभागृहात फक्त गावंडे हलले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. गार्गी पायऱ्यांपाशी ताठ उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिला काहीच कळत नव्हतं. शाळेत असताना राष्ट्रगीत किती लांब वाटायचं, आणि त्या दिवशी ते केवढंसं होतं. ते संपायच्या आत मला पुढचं सुचायला हवं होतं.

'जय हे'चे शेवटचे सूर आले आणि कुणी हलायच्या आत मी बोलायला सुरुवात केली.

"या ऐतिहासिक वास्तूच्या शंभर वर्षांच्या परंपरेनुसार," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना इतका गंभीर निघाला, "समारंभाच्या अखेरीस सर्वप्रथम गॅलरीतील माता-पित्यांना सन्मानपूर्वक निरोप दिला जातो. मागच्या रांगेपासून, एका ओळीत, संपूर्ण मौन पाळून ते खाली उतरतील. तोपर्यंत व्यासपीठावरील मान्यवर उभे राहून त्यांचा आदर करतील. गॅलरीखालील स्नातकांनी छायाचित्रासाठी पुढे व्यासपीठाजवळ यावं."

अशी कुठलीही परंपरा नव्हती. पण जुन्या इमारतीत परंपरा म्हटलं की कुणी पुरावा मागत नाही. कुलगुरू बसायच्या बेतात होते ते पुन्हा उभे राहिले. पाहुण्यांनी हात जोडले. फोटो म्हटल्यावर पोरं टोप्या सावरत पुढे धावली, आणि गॅलरीखालची जागा बघता बघता मोकळी झाली.

वर मृणालबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मागची रांग निघाली. मग तिच्या पुढची. माणसं खरंच गुपचूप चालत होती, देवळात चालतात तशी. आपला सन्मान होतोय म्हटल्यावर त्यांनी पदर सावरले होते, चेहरे गंभीर केले होते. मी त्या रांगांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हळू, हळू, अजून हळू. ताथोड आता जिन्याच्या पायथ्याशी जाऊन एकेकाला हात देऊन उतरवत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पहिली रांग सगळ्यांत शेवटी होती. तीही निघाली. नलिनी निघाली नाही.

ती कठडा धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या बाजूच्या बाईनं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवून घेतला. एवढ्या लांबूनही तिचा राग मला दिसत होता. तिनं हातानं विचारलं, गार्गीचं काय? मी हातानं खूण केली, खाली ये. तिनं मान हलवली. ती येणार नव्हती. पोरीला पदक मिळाल्याशिवाय ती तिथून हलणार नव्हती. मी लग्न केलं होतं त्या बाईशी, मला ठाऊक होतं. मृणालबाई जिन्याकडून तिच्या दिशेनं एक पाऊल पुढे आल्या आणि तिथेच थबकल्या. त्या पायाखाली बघत होत्या.

आवाज झाला. मोठा नव्हता. जुनं कपाट उघडताना होतो तसा.

मी माइक तोंडाजवळ घेतला. परंपरा, सन्मान, सगळे शब्द संपले होते.

"नलिनी," मी म्हणालो, "खाली ये. तुझ्या पाया पडतो."

सभागृह खदखदून हसलं. पाहुणे हसले, फोटोसाठी जमलेली पोरं हसली. मी हसत नव्हतो, आणि ते तिला एकटीला दिसलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. तिनं कठडा सोडला. मागे वळली आणि खुर्च्यांच्या मधून हळूहळू चालायला लागली. मी एकेक पाऊल मोजलं नाही. मी डोळे मिटले होते.

मी डोळे उघडले तेव्हा ती जिन्याच्या पायथ्याशी ताथोडांचा हात धरून उभी होती आणि मृणालबाई तिच्या मागे होत्या. गॅलरी रिकामी होती. नव्या गादीच्या खुर्च्या, अजून जमिनीला जखडायच्या राहिलेल्या. आमच्या सगळ्यांच्या देखत पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आपोआप पुढे सरकली आणि कठड्याला जाऊन टेकली. मग तिच्या शेजारची. मग मागच्या रांगेतल्या. एकेक खुर्ची आपण होऊन पुढे येत होती, जणू वर बसलेले कुणी खाली वाकून बघत होते. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मग गॅलरीचा मधला भाग हातभर खाली आला, पितळी बोधचिन्ह खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर आदळलं, आणि कठडा तिथेच वाकून लोंबत राहिला.

कुणी ओरडलंसुद्धा नाही. गावंडे व्यासपीठावरच मटकन खाली बसले. दिल्लीचे पाहुणे माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र गार्गीशिवाय काही दिसत नव्हतं. ती अजून पायऱ्यांपाशीच होती. तिनं गॅलरीकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मग ती वर आली आणि माझ्या झग्यात तोंड खुपसून रडली, आणि मी तिला एवढंच म्हणू शकलो, "नाव राहिलं बेटा तुझं."

पदक तिला पुढच्या आठवड्यात कुलसचिवांच्या टेबलावर मिळालं, चहाच्या कपाशेजारी. गावंड्यांनी ते देताना तिची माफी मागितली. चौकशी झाली, अहवाल आला, त्यात 'तांत्रिक त्रुटी' असं लिहिलं होतं. ताथोडांची बदली झाली. जायच्या आधी ते घरी आले, नलिनीनं दिलेला चहा प्यायले आणि गेले.

मृणालबाई परत आल्या. त्यांनी गॅलरी उचलून घेतली, तुळया बदलल्या, दांड्या पुन्हा जागेवर बसवल्या. आता गॅलरीतून पुन्हा कुलगुरूंचा एकच कान दिसतो आणि पोरं पुन्हा कुरकुरतात, "ह्या पंख्याच्या दांड्या काऊन ठेवल्या इथं?" पंखा एक नाही, पण नाव तेच आहे. आणि समारंभ संपला की गॅलरीतल्या आई-बापांना आधी मौनानं निरोप देतात. मी निवृत्त झालो, पण ते चालूच आहे. परवा एका नव्या प्राध्यापकानं मला त्या परंपरेचा उगम विचारला. मी म्हणालो, फार जुनी आहे.

काम झालं त्या वर्षी दिवाळीला गार्गी घरी आली होती. मृणालबाईंनी आम्हाला सभागृह बघायला बोलावलं. भर दुपार होती, आत कुणी नव्हतं. नलिनी तडक जिना चढून वर गेली आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली.

"खालीच बस ना," मी म्हणालो.

"मागच्या वेळी बसली होती तिथंच बसते," ती वरून म्हणाली. "वाचा तुम्ही. राहिलं होतं नं एक नाव?"

मी टेबलामागे जाऊन उभा राहिलो. माइक बंद होता. गार्गी हसत हसत पायऱ्यांपाशी गेली आणि मग हसायची थांबली. मी घसा खाकरला. नाव इतके दिवस तसंच तयार होतं, फक्त त्यात एक शब्द मी नव्यानं घातला.

"विद्यापीठात सर्वप्रथम आल्याबद्दल सुवर्णपदक. गार्गी नलिनी प्रभाकर निंभोरकर."

गार्गी पायऱ्या चढून आली. सभागृहात चिटपाखरू नव्हतं. मग वरून आवाज आला. नलिनीनं पाय आपटला. एकदा, मग पुन्हा, मग तालात. एकटी बाई, पण लाकूड घुमलं. मी पोरीकडे बघत नव्हतो. मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत होतो, दांड्यांकडे बघत होतो, एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. काही हललं नाही.

"आता तरी हात करा!" नलिनी वरून ओरडली.

मी हात केला. दुसऱ्या हातानं मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.